बिऱ्हाड हललं, घडी बसली नाही : लाइव्ह मायग्रेशननंतर मंदावलेल्या व्हीएमचा दोन आठवड्यांचा तपास

१० जानेवारी, महिन्यातला दुसरा शनिवार. त्या दिवशी बँका बंद असतात, आमच्याकडचं कामही निम्म्यावर येतं, म्हणून देखभालीची रात्र नेहमी दुसऱ्या नाहीतर चौथ्या शनिवारीच मिळते. काम साधं होतं. एका होस्टवरची, म्हणजे ज्या खऱ्या सर्व्हरवर आमच्या व्हीएम (आभासी यंत्रं) चालतात त्यातल्या एकावरची, मेमरीची एक पट्टी दुरुस्त होण्याजोग्या चुका नोंदवत होती. ती बदलायची, त्याआधी होस्ट रिकामा करायचा, म्हणजे त्याच्यावरच्या व्हीएम चालू स्थितीतच दुसऱ्यावर न्यायच्या (लाइव्ह मायग्रेशन). त्या होस्टला इथे 'अ' म्हणू आणि ज्याच्यावर व्हीएम नेल्या त्याला 'ब'. दोन्ही एकाच मॉडेलचे, दोन सॉकेटचे इंटेल सर्व्हर, प्रत्येकी ७६८ जीबी मेमरी. वर लिनक्स, त्याच्या आत व्हीएम चालवणारा केव्हीएम, प्रत्येक व्हीएमचं यंत्र उभं करणारा क्यूईएमयू आणि त्यांची व्यवस्था बघणारा लिबव्हर्ट.

हलवायच्या व्हीएम तीन. डेटाबेसची १६ व्हीसीपीयू (आभासी सीपीयू) आणि ६४ जीबीची (पोस्टग्रेस), अ‍ॅप्लिकेशनची ८ व्हीसीपीयू आणि १६ जीबीची, अहवालांची ८ व्हीसीपीयू आणि ३२ जीबीची. शेवटच्या दोघी मिनिटाभरात पलीकडे गेल्या. डेटाबेसची मात्र अडली. प्री-कॉपी पद्धतीत व्हीएम चालू असतानाच तिची मेमरी पलीकडे पाठवतात. तेवढ्या वेळात मेमरीची जी पानं (ठरावीक मापाचे तुकडे) बदलली ती पुन्हा पाठवतात, मग त्या दरम्यान बदललेली पुन्हा. उरलेला ढीग ठरलेल्या खंडकाळात मावेल इतका लहान झाला की व्हीएम क्षणभर थांबवून शेवटची फेरी होते. क्यूईएमयूमध्ये हा खंडकाळ मुळात ३०० मिलिसेकंद असतो. आमचा रात्रीचा बॅच नेमका तेव्हाच चालू होता. दहा गिगाबिटच्या दुव्यावरून जेवढी पानं जात होती जवळपास तेवढीच मागे पुन्हा मळत, म्हणजे बदलत, होती. वीस मिनिटं वाट पाहून आम्ही पोस्ट-कॉपीवर गेलो : व्हीएमचे सीपीयू आधी पलीकडे चालू करायचे आणि राहिलेली पानं लागतील तशी नेटवर्कवरून ओढून घ्यायची. ते काम मिनिटभरात आटोपलं. पिंग तुटला नाही. चेंज रिक्वेस्टवर 'यशस्वी' लिहून सगळे झोपायला गेले.

या एका घाईची किंमत बुधवारी कळली.

सोमवार, १२ जानेवारी. रोज सकाळी ४० सेकंदांत येणारा एक अहवाल ८५ सेकंद घेत होता. पहिली सूचना अर्थातच 'व्हीएम रीबूट करून बघा'. ती आम्ही टाळली, आणि तुम्हीही पहिला दिवस तरी टाळा. रीबूटने काही दोष जातात, काही राहतात, आणि कुठला गेला ते कळायचा मार्ग मात्र बंद होतो. 'अ'वर परत नेऊ म्हटलं तर तो बंद पडलेला होता, कारण पुरवठादाराने पाठवलेल्या मेमरीच्या पट्टीचा पार्ट नंबरच वेगळा निघाला. बरोबर पट्टी गुरुवारी येणार होती. वरून आदेशही आला होता : कारण सापडेपर्यंत हलवाहलव नाही.

तुलनेला जुने आकडे असणं हेच अशा तपासाचं भांडवल. गेस्टमध्ये, म्हणजे व्हीएमच्या आत, सिसस्टॅट या साधनाची रोजची नोंद चालू होती म्हणून 'सार' हा त्याचा अहवाल काढून मागचा सोमवार आणि हा सोमवार शेजारी ठेवता आले. कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) जाणारा सीपीयूचा वेळ ७ टक्क्यांवरून ३१ वर गेला होता. डिस्कची वाट पाहण्याचा वेळ दोन्ही दिवशी दोन टक्क्यांच्या आत. स्टील शून्य. स्टील म्हणजे गेस्टचा सीपीयू चालायला तयार आहे, पण होस्ट त्याला खरा कोअर देत नाही, असा वेळ. तो शून्य असल्याने 'ब'वर गर्दी झाली हा सर्वांत लाडका संशय पहिल्या तासातच निकालात निघाला.

मग नेहमीची यादी. स्टोरेजच्या मल्टिपाथचे चारही मार्ग चालू होते. दोन्ही होस्टवर सीपीयूचा वेग ठरवणारा गव्हर्नर 'परफॉर्मन्स'वरच होता (हा 'पॉवरसेव्ह'वर राहून गेलेला होस्ट मी पाहिलेला आहे, तेव्हा बघाच). व्हीहोस्ट-नेट हे कर्नल मॉड्यूल 'ब'वर चढलेलं होतं. ते नसेल तर लिबव्हर्ट तक्रार न करता नेटवर्कचं काम क्यूईएमयूच्या प्रक्रियेकडे सोपवतो. व्हीएम चालते, पण प्रत्येक पॅकेटला वळसा पडतो. सीपीयूच्या सुरक्षा-उपायांच्या नोंदी सिस-एफएसमधल्या 'व्हल्नरेबिलिटीज' फोल्डरमधून काढून दोन्हीकडच्या जुळवल्या, त्यातही फरक नव्हता. 'अ' बंद असल्याने त्याची बाजू जुन्या इन्व्हेंटरीच्या फायलींतून घ्यावी लागली.

यादीत क्लॉकसोर्सही होता, म्हणजे कर्नल कोणत्या घड्याळावरून वेळ घेतो ते. गेस्टमध्ये 'करंट-क्लॉकसोर्स' ही फाइल उघडली, उत्तर आलं 'केव्हीएम-क्लॉक'. मागच्या महिन्याच्या नोंदीतही तेच. कागदावर बरोबरची खूण करून पुढे गेलो. ती खूण चुकीची होती, आणि तिच्यामुळे एक दिवस गेला.

मंगळवारी सकाळी, भार चढल्यावर, गेस्टमध्ये 'पर्फ टॉप' लावला, तो सीपीयूचा वेळ कुठल्या फंक्शनमध्ये जातो ते दाखवतो. सगळ्यात वर पीव्हीक्लॉकचं, म्हणजे केव्हीएम-क्लॉकचंच, वाचन करणारं फंक्शन होतं. म्हणजे कर्नलमधला वाढीव वेळ 'किती वाजले' हे विचारण्यात जात होता. डेटाबेसच्या एका बॅकएंडला (एक जोडणी सांभाळणाऱ्या प्रक्रियेला) पाच सेकंद एसट्रेस, म्हणजे कर्नलकडे जाणारे सिस्टिम कॉल टिपणारं साधन, लावला (चालत्या डेटाबेसवर याहून जास्त वेळ लावू नका, ते साधन स्वतःच प्रक्रियेला लंगडं करतं). घड्याळ वाचण्याच्या सिस्टिम कॉलची रांग लागली. हे दिसायलाच नको होतं. निरोगी व्हीएममध्ये वेळ वाचायला कर्नलमध्ये जावं लागत नाही. व्हीडीएसओ नावाचा कोडचा एक तुकडा प्रत्येक प्रोग्रामच्या मेमरीतच असतो आणि तो परस्पर उत्तर देतो. एसट्रेसला तो दिसतही नाही.

पोस्टग्रेससोबत 'पीजी-टेस्ट-टायमिंग' नावाचं छोटं साधन येतं. तीन सेकंद चालतं आणि एकदा घड्याळ वाचायला सरासरी किती नॅनोसेकंद लागले ते सांगतं. १०० च्या आत असावं. दुसऱ्या एका चांगल्या होस्टवरच्या चाचणीच्या व्हीएममध्ये ३८ आलं. आमच्या डेटाबेसवर भर दुपारी ६०० आणि रात्री, कोणी नसताना, २६०. साधी संथगती असती तर दोन्ही वेळी आकडा सारखा आला असता. गर्दीबरोबर तो वाढत होता, म्हणजे कुठेतरी झोंबाझोंबी होती.

आता मूळ कुठे? गेस्टचं घड्याळ होस्टच्या घड्याळावर उभं असतं, म्हणून तीच फाइल 'ब' होस्टवर उघडली. तिथे 'टीएससी', म्हणजे सीपीयूमधलाच झटपट वाचता येणारा गणक, असायला हवं होतं. होतं 'एचपीईटी', सीपीयूबाहेरचं संथ घड्याळ. डीमेसेज (कर्नलच्या नोंदी) चाळल्यावर एक्केचाळीस दिवसांपूर्वीची ओळ सापडली : कर्नलच्या राखणदाराला टीएससीत मोठा फरक दिसला आणि त्याने त्याला अस्थिर ठरवून बाजूला केलं. होस्टवर यातून काहीच अडत नाही, कुठला इशारा येत नाही, आमच्या देखरेखीतही तो आला नव्हता. 'ब'वर आधीपासून राहणाऱ्या व्हीएम एक्केचाळीस दिवस असंच सोसत होत्या. हळूहळू कुरकुर झाली असेल, पण एका रात्रीत फरक पडलेला नसल्याने कोणी तक्रार केली नाही.

हा दुवा नीट सांगायला हवा, कारण गेस्टमधून तो दिसत नाही. केव्हीएम प्रत्येक व्हीसीपीयूसाठी गेस्टच्या मेमरीत एक छोटी नोंद भरत राहतो. त्यात टीएससीच्या आकड्यावरून वेळ कशी काढायची याचं सूत्र असतं आणि सोबत एक बिट : 'सगळ्या सीपीयूंचं टीएससी एका तालात आहे.' होस्ट स्वतः टीएससीवर चालत असेल तरच केव्हीएमला तो बिट लावता येतो. बिट गेला की व्हीडीएसओ हात वर करतो आणि प्रत्येक वाचन कर्नलमध्ये जातं. तिथे दुसरी अडचण. एका व्हीसीपीयूवर वाचलेली वेळ दुसऱ्यावर मागे गेलेली दिसू नये म्हणून कर्नल शेवटची वेळ एकाच सामाईक जागी ठेवतो आणि प्रत्येक वाचनाला ती अटॉमिक पद्धतीने तपासून बदलतो. सोळा व्हीसीपीयू आणि कॅशची एकच ओळ : चाळीत एकच नळ असला की सकाळी जे होतं तेच. आणि या सगळ्या काळात गेस्टमध्ये नाव मात्र 'केव्हीएम-क्लॉक' हेच राहतं. नाव बघून समाधान मानू नका, वाचनाचा खर्च मोजा.

डेटाबेस एवढ्या वेळा घड्याळ का बघत होता? कारण हळू क्वेरींची चिकित्सा लॉगमध्ये मिळावी म्हणून कोणीतरी 'ऑटो-एक्स्प्लेन' चालू केलं होतं, तेही 'लॉग-अ‍ॅनालाइझ'सकट. यात प्लॅनमधल्या प्रत्येक पायरीवर प्रत्येक ओळीमागे दोनदा घड्याळ वाचलं जातं. आमच्या अहवालात सुमारे एक कोटी ओळी तीन पायऱ्यांतून जातात. म्हणजे सहा कोटी वाचनं. प्रत्येकी ४० नॅनोसेकंदांनी ती २.४ सेकंदांत होतात, कुणाला जाणवत नाही. ६०० नॅनोसेकंदांनी ३६ सेकंद.

तात्पुरता उपाय एका ओळीचा होता : 'ऑटो-एक्स्प्लेन'चं 'लॉग-टायमिंग' बंद करून पोस्टग्रेसला सेटिंग पुन्हा वाचायला लावणं. रीस्टार्ट लागत नाही. ओळींची मोजणी लॉगमध्ये येत राहते, फक्त पायरीनिहाय वेळ येत नाही. या एका ओळीसाठी आणीबाणीची चेंज रिक्वेस्ट, तीन सह्या, आणि तिसरे सही करणारे प्रवासात असल्याने चार तास. सही आल्यावर अहवाल ८५ वरून ४९ सेकंदांवर आला. लोक शांत झाले. आम्हाला मात्र हिशेब टोचत होता : टायमिंगशिवाय हाच अहवाल ३७-३८ सेकंदांत यायला हवा. अकरा सेकंद अजून बेपत्ता होते.

बुधवारी संक्रांत. तिळगूळ वाटता वाटता अहवालांच्या टीममधल्या एकाने सहज सांगितलं की त्यांची व्हीएम रविवारी फार अडत होती, म्हणून त्यांनी ती 'बंद करून चालू' केली आणि थोडी सुधारली. तिकीट नाही, ईमेल नाही. (अशी माहिती नेहमी चहाच्या टपरीवरच मिळते, त्यामुळे टपरीवर जाणं हा तपासाचाच भाग धरावा.) त्या व्हीएमवर पीजी-टेस्ट-टायमिंग चालवलं तर घड्याळ इथेही महागच होतं, ४०० च्या पुढे. म्हणजे सुधारली ती दुसऱ्याच कशाने. गेस्टच्या आतून रीबूट केलं असतं तर होस्टवरची क्यूईएमयूची प्रक्रिया तीच राहिली असती. बंद करून पुन्हा चालू केल्यावर प्रक्रिया नवी होते, आणि तिच्याबरोबर मेमरीही नव्याने घेतली जाते.

म्हणून 'ब'वर दोन्ही प्रक्रियांची 'एसमॅप्स-रोलअप' फाइल (प्रक्रियेच्या मेमरीचा गोषवारा) पाहिली. अहवालांच्या व्हीएमच्या ३२ जीबीपैकी ३१ जीबी 'अ‍ॅनॉन ह्यूज पेजेस'मध्ये, म्हणजे २ एमबीच्या पानांत. डेटाबेसच्या ६४ जीबीपैकी फक्त ९. उरलेले ५५ जीबी चार-चार केबीच्या पानांत विखुरलेले.

याने फरक पडतो कारण गेस्टमधला प्रत्येक पत्ता दोनदा शोधावा लागतो, एकदा गेस्टच्या पेज टेबलात आणि एकदा होस्टच्या. दोन्हीकडे चार स्तरांची टेबलं असतील तर टीएलबी (आधी सापडलेले पत्ते जपून ठेवणारी सीपीयूतली कॅश) चुकल्यावर एका पत्त्यामागे २४ पर्यंत मेमरी-वाचनं होऊ शकतात. मोठी पानं असली की चुकाही कमी होतात आणि शोधही आखूड होतो. आमच्या गेस्टमध्ये पोस्टग्रेसला ह्यूज पेजेस दिलेली होती, पण होस्टकडे खाली चिल्लर असेल तर गेस्टच्या नोटेचा अर्धाच उपयोग : टीएलबीत दोन्हींपैकी लहान पानाच्याच मापाने नोंद होते.

चिल्लर झाली ती पोस्ट-कॉपीमुळे. पोस्ट-कॉपीकडे वळताना, पहिल्या फेरीत पाठवलेली पण नंतर मळलेली पानं पलीकडे फेकून द्यावी लागतात. ती नेमकी फेकता यावीत म्हणून क्यूईएमयू त्या काळापुरती ह्यूज पेजेस बंद करतो. २ एमबीच्या पानात ५१२ छोटी पानं असतात, त्यातलं एक जरी मळलं असलं तरी ते मोठं पान फुटतं. पुढे येणारी पानंही चार केबीच्या मापानेच बसवली जातात. आमचा रात्रीचा बॅच सगळ्या मेमरीभर फिरत होता, त्यामुळे जवळपास सगळंच फुटलं. काम संपल्यावर क्यूईएमयू ह्यूज पेजेस पुन्हा चालू करतो खरा, पण फुटलेली पानं जोडायचं काम होस्टच्या 'के-ह्यूजपेजड' या धाग्यावर पडतं, आणि तो मुळात फार सुस्त ठेवलेला आहे : एका फेरीत ४०९६ पानं, म्हणजे १६ एमबी, आणि मग दहा सेकंद झोप. ६४ जीबी नुसती बघून काढायला ११ तासांहून जास्त. पण तो एकाच व्हीएमची वाट बघत बसत नाही. 'ब'वर सगळ्या व्हीएम मिळून ५१२ जीबीच्या आसपास होत्या, म्हणजे पूर्ण फेरी ९१ तासांची. शनिवारी मध्यरात्रीपासून मोजलं तर बुधवारी संध्याकाळपर्यंत.

याला रीबूट लागत नाही, मायग्रेशनही नाही. होस्टवरच्या 'ट्रान्सपरंट ह्यूजपेज'च्या फोल्डरमध्ये 'के-ह्यूजपेजड'च्या दोन फायली असतात. फेरीतली पानं ४०९६ वरून ६५५३६ केली आणि झोप १०००० मिलिसेकंदांवरून १०००. आता सेकंदाला २५६ एमबी, म्हणजे ५१२ जीबीसाठी ३४ मिनिटं. आधी दोन गोष्टी तपासल्या. बडी-इन्फोत (मोकळ्या मेमरीच्या नोंदीत) मोठे सलग तुकडे शिल्लक आहेत ना (नसतील तर आधी मेमरी कॉम्पॅक्ट करून घ्यावी लागते), आणि केएसएम बंद आहे ना. सारखी पानं एकत्र करण्याच्या नादात केएसएम मोठी पानं पुन्हा फोडतो, मग एकाने जोडायचं आणि दुसऱ्याने फोडायचं हा खेळ चालू राहतो. चालू असताना व्हीएम-स्टॅटमधले 'कोलॅप्स'चे आकडे बघत बसलो. यशाचा वाढत होता, अपयशाचा जागेवर. तो धागा जवळपास एक अख्खा कोअर खातो आणि जोडणीच्या क्षणी गेस्टला बारीक ठेच लागते, म्हणून दुपारच्या जेवणाची वेळ निवडली. पाऊण तासाने डेटाबेसची ५७ जीबी मेमरी मोठ्या पानांत होती आणि अहवाल ३९ सेकंदांवर. दोन्ही आकडे मग मूळ जागी नेले.

उरलेल्या सेकंदाचं कारणही दिसलं, फक्त त्याच्यासाठी घाई केली नाही. एरवी गेस्ट सुरू होताना मेमरीला पहिला हात व्हीसीपीयूचे धागे लावतात, त्यामुळे ती दोन्ही सॉकेटवर वाटली जाते. मायग्रेशनमध्ये पहिला हात लागतो तो पानं उतरवून घेणाऱ्या धाग्याचा. तो ज्या सॉकेटवर असेल त्याच्याच बाजूला सगळी मेमरी साचते, आणि दुसऱ्या सॉकेटवरून ती वाचायला जास्त वेळ लागतो. न्यूमास्टॅटमध्ये (सॉकेटनिहाय, म्हणजे नोडनिहाय, मेमरी दाखवणाऱ्या साधनात) नोड ० वर ५८ जीबी आणि नोड १ वर ६ दिसत होते, व्हीसीपीयू मात्र दोन्हीकडे फिरत होते. कर्नलचं न्यूमा बॅलन्सिंग चालू होतं, त्याने शुक्रवारपर्यंत बरंचसं सावरलं.

आता 'ब'चं घड्याळ. एकदा अस्थिर ठरलेलं टीएससी चालत्या होस्टवर परत निवडता येत नाही, उपलब्ध पर्यायांच्या यादीतूनच ते गेलेलं असतं. होस्ट रीबूट हवा, म्हणजे तो रिकामा करायला हवा, म्हणजे पुन्हा तेच मायग्रेशन. कर्नलला 'टीएससी विश्वसनीय आहे' असं बूटच्या वेळी सांगून राखणदाराला गप्प करता येतं, अनेक जण तोच सल्ला देतात. पण सॉकेटची घड्याळं खरंच फटकून चालत असतील तर मग गेस्टमध्ये वेळ मागे-पुढे उड्या मारेल आणि डेटाबेसमध्ये ते सहन होण्यासारखं नाही. म्हणून आधी कारण शोधलं. जुन्या इन्व्हेंटरीत दिसलं की मॉडेल एक असलं तरी बायोस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) एक नव्हता. 'अ'चा मदरबोर्ड पूर्वी बदलला होता, तेव्हा त्याच्यावर नवीन बायोस आला. 'ब' खरेदीच्या दिवशी होता तिथेच.

हार्डवेअर पुरवठादाराकडे बुधवारी तिकीट टाकलं. होस्ट चालू असल्याने त्यांच्या लेखी ते तिसऱ्या पातळीचं, म्हणजे दोन कामाचे दिवस. त्यांनी लॉगचा गठ्ठा मागितला, शुक्रवारी दिला. सोमवारी दुसऱ्या माणसाने तोच पुन्हा मागितला. मंगळवारी उत्तर : आधी बायोस अद्ययावत करा. बायोस फुकट, सर्व्हर हमीत. आमच्या बाजूने चेंज समितीची बैठक फक्त गुरुवारी, त्यामुळे २२ ला मंजुरी आणि २४ ची, चौथ्या शनिवारची, रात्र. पैशांत खर्च म्हणाल तर चौघांचा दोन रात्रींचा जादा भत्ता. पुरवठादाराला लिहिताना एक गोष्ट उपयोगी पडली : 'व्हीएम हळू चालते' असं न लिहिता डीमेसेजची ती ओळ, दोन्ही होस्टचे बायोस क्रमांक आणि ३८ विरुद्ध ६०० हे आकडे पहिल्याच पत्रात द्या. 'व्हीएम हळू' म्हटलं की प्रकरण सॉफ्टवेअरवाल्यांकडे ढकललं जातं.

२४ ला 'अ' तयार होता, बरोबर पट्टी बसलेली, मेमरीची चाचणी झालेली. निघण्याआधी त्याचं क्लॉकसोर्स पाहिलं : टीएससी. या वेळी पोस्ट-कॉपी नाही. रात्रीचा बॅच संपेपर्यंत, सव्वा वाजेपर्यंत, थांबलो आणि ऑटो-कन्व्हर्ज लावून प्री-कॉपी केली. पानं मळण्याचा वेग आवरत नसेल तर यात क्यूईएमयू गेस्टचे सीपीयूच मंद करतो, आधी २० टक्के, मग गरजेप्रमाणे दहा-दहाने. तेवढा वेळ व्हीएम रडते, पण मेमरी शाबूत पोचते. डेटाबेसला साडेचार मिनिटं लागली. 'अ'वर ६४ पैकी ६० जीबी मोठ्या पानांत. नव्या एक्सएमएलमध्ये (लिबव्हर्टच्या वर्णन-फायलीत) तिला एकाच सॉकेटला बांधलं, सोळा व्हीसीपीयू आणि ६४ जीबी तिथे मावतात. तोवर बाकीच्या व्हीएम इतर होस्टवर वाटून 'ब'चा बायोस बदलला. रीबूटनंतर टीएससी जागेवर.

पण त्या रात्री एक गोष्ट अजून शिकायची होती. डेटाबेसवर पीजी-टेस्ट-टायमिंग चालवलं तर 'अ'वर पोचताच ३९, रीबूटशिवाय. अहवालांची व्हीएम त्याच होस्टवर, तिथे १८०. पाच वेळा चालवलं. फरक जन्मस्थळाचा होता. व्हीडीएसओमधून वेळ द्यायची की नाही हे गेस्टचा कर्नल बूट होतानाच ठरवतो, तो बिट त्या क्षणी लागलेला असेल तरच. डेटाबेस 'अ'वर बूट झाला होता, त्यामुळे बिट परत येताच त्याचा जुना रस्ता उघडला. अहवालांची व्हीएम त्या रविवारी 'ब'वर बूट झाली, तेव्हा बिट नव्हता. चांगल्या होस्टवर आल्याने नळावरचं भांडण मिटलं, म्हणून ४०० चे १८० झाले, पण कर्नलमधली चक्कर तिच्या नशिबी पुढच्या बूटपर्यंत राहिली. तिला आतून एकदा रीबूट केलं, ४० आलं.

याचा अर्थ टीएससी बाद झाल्यापासूनच्या त्या बावन्न दिवसांत 'ब'वर बूट झालेल्या प्रत्येक व्हीएमला एक रीबूट लागणार होता. लिबव्हर्टच्या लॉगमधून यादी काढली, अकरा निघाल्या. प्रत्येकीच्या मालकाला ईमेल, प्रत्येकाची सोयीची वेळ, प्रत्येकाला तोच प्रश्न : 'आमचं तर नीट चाललंय, मग कशाला?'

आता कोणतीही व्हीएम हलवण्याआधी आम्ही पाच आकडे कागदावर घेतो आणि हलवल्यानंतर दहा मिनिटांनी तेच पुन्हा : दोन्ही होस्टचं क्लॉकसोर्स, घड्याळ वाचण्याचा खर्च, मोठ्या पानांतली मेमरी, न्यूमा नोडनिहाय वाटणी, आणि स्टील. सगळं मिळून चार मिनिटांचं काम. होस्टच्या देखरेखीत 'क्लॉकसोर्स टीएससी नाही' हा इशाराही घातला. पहिल्याच दिवशी त्याने दुसऱ्या खोलीतला एक जुना होस्ट पकडून दिला.

मूळ कारणाच्या फॉर्ममध्ये एकच पर्याय निवडता येत होता : हार्डवेअर, सॉफ्टवेअर किंवा मानवी चूक. 'हार्डवेअर' निवडलं, कारण त्यात खालचं वर्णन सर्वांत मोठं लिहिता येतं. अकरापैकी नऊ व्हीएम रीबूट झाल्या. दोघींचे मालक मार्चअखेरची कामं संपेपर्यंत तारीख द्यायला तयार नाहीत, त्या अजून १८० वर चालताहेत.